मिनी प्रोजेक्टर, अकरा महिने आणि अठरा मीटरचा हत्ती

गेल्या ऑक्टोबरात एक मिनी प्रोजेक्टर घेतला, साडेचौदा हजाराला, ऑनलाईन. अकरा महिने झाले. या काळात राजापूर, लांजा, रत्नागिरी या पट्ट्यात एकतीस ठिकाणी नेला असेल, जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायतीचा हॉल, देवळाचा सभामंडप, दोन कॉलेजं आणि गणपतीला गावी आलेले चाकरमानी. ब्रँडचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण अगदी हाच डबा पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, फक्त स्टिकर बदलतो.

मी काही वक्ता वगैरे नाही. माझी आंब्याची कलमं आहेत आणि सड्यावरच्या, म्हणजे उघड्या जांभ्या कातळाच्या पठारावरच्या, कातळशिल्पांचं (दगडात कोरलेल्या जुन्या चित्रांचं) वेड आहे. 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या तात्पुरत्या यादीत गेली तेव्हापासून लोकं बोलवायला लागली की या आणि आमच्या पोरांना जरा सांगा. हातात काहीतरी दाखवायला पाहिजे म्हणून हा खर्च.

आधी मशीनचं सांगतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात 9000 ल्युमेन लिहिलंय. ते विसरा. बघायचा असतो तो आन्सी ल्युमेनचा, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेल्या उजेडाचा आकडा, तो आत माहितीपत्रकात बारीक अक्षरात 350 असा आहे. हा फरक मला पैसे गेल्यावर कळला. 350 म्हणजे अंधाऱ्या खोलीत उत्तम, संध्याकाळी सातनंतर सभामंडपात चांगला, आणि सकाळी अकराला कौलारू शाळेत जिथे तीन खिडक्या न् त्यातल्या दोघींना दारंच नाहीत तिथे जवळपास शून्य. पहिल्याच शाळेत पोरांनी गोधड्या, चादरी, गुरुजींचा रेनकोट सगळं खिडक्यांना लावलं तरी भिंतीवर नुसता फिकट चौकोन. तसंच '4के सपोर्ट'चं. सपोर्ट म्हणजे 4के फाईल घेतो, दाखवतो त्याहून कमी बारकाव्याचं 1080च. पण मला 1080 भरपूर झालं, त्याची तक्रार नाही.

शंभर इंची चित्रासाठी साधारण पावणेतीन मीटर लांब ठेवावा लागतो. म्हणजे तो लोकांच्या मधोमध येतो. सतरंजीवर बसलेली पोरं समोरून उठली की त्यांच्या डोक्याच्या सावल्या. वायर कुणाच्या तरी पायात येणारच म्हणून एक्स्टेन्शन बोर्डाची वायर चिकटपट्टीने जमिनीला चिकटवायची सवय लावली. मोबाईलवरून वायरलेस दाखवायचा नाद सोडा, अडकत अडकत चालतं. दहा मीटरची स्वस्त एचडीएमआय केबल आणली तर चित्र लुकलुक करायला लागलं. शेवटी लॅपटॉप प्रोजेक्टरच्या शेजारीच, केबल दीड मीटरची, आणि हातात साडेसातशेचा क्लिकर. सगळ्यात वसूल झालेली वस्तू तो क्लिकरच. त्यावर पडदा काळा करायचं बटण आहे, नसेल तर पॉवरपॉइंटमध्ये की-बोर्डवरचं बी दाबलं तरी होतं. पडदा काळा झाला की लोकं तुमच्याकडे बघतात. हे मला सहा महिने माहीत नव्हतं.

ऑटो कीस्टोन बंद करून ठेवलाय. वाकडं चित्र तो सरळ करतो खरं पण त्यात चित्राची धार जाते. त्यापेक्षा स्टूल सरळ ठेवा, खाली एक-दोन कंपासपेट्या सरकवा.

आता खरा अनुभव, कारण मशीन जेमतेम असलं तरी चालतं, गोंधळ माझाच जास्त होता.

पहिल्या व्याख्यानाला बेचाळीस स्लाईड होत्या. बेचाळीस! त्यातल्या निम्म्यांवर नुसता मजकूर, 'कातळशिल्प म्हणजे काय', 'वैशिष्ट्ये', 'जतनाची गरज', आणि मी भिंतीकडे तोंड करून ते वाचून दाखवत होतो. घरी येताना बायको गाडीवर मागून म्हणाली, "अहो, तुम्ही सगळा वेळ भिंतीशीच बोलत होतात. लोकं मागे बसली होती." राग आला. मग तिनेच मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि राग गेला, लाज वाटली. दर दोन वाक्यांना 'तर मग काय आहे की'.

त्याच कार्यक्रमात फॉन्टचाही घोटाळा. कॉलेजच्या लॅपटॉपवर पेनड्राईव्ह लावला तर माझ्या अर्ध्या स्लाईडवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण तो मजकूर जुन्या श्रीलिपीतल्या फाईलमधून उचलला होता आणि तो फॉन्ट त्या मशीनवर नव्हता. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाईप करा, शिवाय एक पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये व्हिडिओ चालत नाही तेवढं लक्षात असू द्या.

दुसरा धडा फोटोंचा. जांभ्या दगडावर कोरलेली रेघ, तीही तपकिरी आणि दगडही तपकिरी. दुपारी बाराला काढलेला फोटो लॅपटॉपवर बरा दिसतो, भिंतीवर टाकला की चिखलाचा डाग. देवाचे गोठण्याजवळच्या एका वाडीत आमच्या आत्येच्या वयाच्या एक आजी पुढे बसल्या होत्या, हत्तीच्या कातळशिल्पाचा फोटो बराच वेळ बघून म्हणाल्या, "मला तं काय हत्ती दिसत नाय बुवा. ही रांगोळी फिसकटल्यासारी दिसतेय." बरोबरच होतं त्यांचं. त्यानंतर सगळे फोटो परत काढले, सकाळी उन्हं तिरपी असताना नाहीतर संध्याकाळी, तेव्हा कोरलेल्या खाचेत सावली पडते आणि आकृती उठून येते. आणि प्रत्येक फोटोची जोडी केली. पहिला फोटो आहे तसा, दुसऱ्यात मोबाईलवर बोटाने पांढरी रेघ ओढून आकृती गिरवलेली. पहिला टाकायचा आणि गप्प बसायचं. "शोधा." पोरं पडद्याजवळ येतात, भांडतात, कुणी म्हणतं मासा, कुणी म्हणतं पालथा पडलेला माणूस. मग दुसरा. तो जो 'आऽऽ' येतो ना, त्यासाठी साडेचौदा हजार वसूल. (खऱ्या चित्रात मात्र फोटो चांगला यावा म्हणून खडू भरू नका हो, काही हौशी लोकं भरतात. कृपा करा.)

पिंगुळीला गेलो होतो डिसेंबरात, कुडाळजवळ. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी तुम्हाला माहीत असेलच, परशुराम गंगावणे यांना 2021 ला पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. चित्रांची पोथी असते, एकेक चित्र समोर धरायचं, त्यावरची कथा गात सांगायची, कथा पुढे सरकली की पुढचं चित्र. मी पाहिलं त्यात चित्रावर एक अक्षर नव्हतं. सगळं तोंडात. तिथे बसल्या बसल्या मनात माझ्या बेचाळीसमधल्या वीस-बावीस स्लाईड उडवल्या. आपल्याकडे शेकडो वर्षं लोकं हेच काम करतायत आणि मी मात्र युट्यूबवर 'स्लाईड कशी बनवावी' बघत बसलो होतो.

आता अकरा स्लाईड आहेत. सुरुवातही बदलली. व्याख्या नाही, आभार नाही, पडदा काळा, मी उभा, आणि प्रश्न: "तुमच्या सड्यावर गेंडा कुणी बघितलाय का?" लोकं हसतात. मग गेंड्याचं कातळशिल्प. आज कोकणात गेंडा नाही, पण कोरणाऱ्याने तर कोरलाय, मग त्याने तो कुठं बघितला? पुढची पाच मिनिटं मला बोलावंच लागत नाही, लोकंच बोलतात.

एक अडचण मात्र प्रोजेक्टरने सुटली नाही. कशेळीचा हत्ती. कनकादित्याच्या देवळाचं गाव ते कशेळी. साधारण अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आकृती आहे आणि तिच्या पोटात पुन्हा कितीतरी प्राणी, मासे. कडेला उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही, वरून ड्रोननेच कळतो. त्यामुळे ड्रोनचा फोटो पडद्यावर टाकणं हे प्रोजेक्टरचं अगदी हक्काचं काम, आणि ते तो मस्त करतो. पण माझा पडदा सव्वादोन मीटर रुंद. म्हणजे हत्ती आठ पटीने बारीक झाला. पोरांना वाटतं दगडावर पाटीएवढं चित्र असेल. मी कितीही वेळा 'अठरा मीटर' म्हटलं तरी सातवीच्या मुलाच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. मग शेजारी माणसाचा फोटो टाकून बघितला, एसटीचं चित्र टाकून बघितलं. एसटीने थोडंफार कळलं.

जानेवारीत एका शाळेत ऐन कार्यक्रमात लाईट गेली. बॅटरी या मॉडेलला नाही. साठ पोरं, अंधार करायला बंद केलेली खोली, उकाडा. काय करायचं म्हणून सगळ्यांना मैदानात नेलं. शाळेच्या मागे पावळीला सुंभाचं भेंडोळं पडलं होतं, गुरुजी म्हणाले घ्या. पावलांनी मोजून अठरा बाय तेराचा चौकोन टाकायला लागलो, चारी कोपऱ्यांना चार पोरं सुंभ धरून उभी. मैदानात हत्ती मावेना! शेपटीकडची बाजू गडग्याला, दगडी कुंपणाला, जाऊन टेकली, मग एक पोरगा गडग्यावर चढला, पलीकडे शेजाऱ्यांच्या परसात गेला आणि तिथून ओरडला, "सर, मी त्यांच्या केळीत उभाय!" नंतर जे झालं ते कुठल्याही स्लाईडवर झालं नाही. पोरं त्या चौकोनात धावत सुटली, सोंड इथे, पाय तिथे, एकजण पोटात झोपला. लाईट आल्यावर आत जाऊन ड्रोनचा फोटो परत टाकला तेव्हा खोली अशी गप्प झाली की पंख्याचा आवाज ऐकू येत होता, प्रोजेक्टरच्या.

तेव्हापासून पिशवीत पासष्ट मीटर सुंभ असतो. आणि क्रमही ठरलाय, आधी सुंभ मग फोटो. उलटं करून बघितलं, मजा अर्ध्याने कमी होते. शाळांत मैदान असतं, हॉलच्या कार्यक्रमांना मात्र रस्त्यावरच टाकावा लागतो आणि रिक्षावाले शिव्या देतात.

दिवसा कार्यक्रम असेल तर प्रोजेक्टर पिशवीतच राहतो, सहा बाय चार फुटाचे दोन फ्लेक्स करून घेतलेत. एकावर नुसता फोटो, एकावर गिरवलेला. वरखाली बांबूची काठी घालायची नाहीतर वाऱ्याने गुंडाळी होते. मागच्या रांगेला तो दिसत नाही, तीस-पस्तीस माणसांपर्यंत ठीक.

संध्याकाळच्या उघड्यावरच्या कार्यक्रमांचं एक सांगायचं राहिलं. पाखरं. पहिला पाऊस पडून गेल्यावर जूनमध्ये एका सभामंडपात लावला तर उजेडावर एवढी पाखरं आली की हत्ती कान हलवतोय असं दिसत होतं, आणि वर एक पाल बरोब्बर गेंड्याच्या शिंगापाशी येऊन बसली. कुणाचं माझ्याकडे लक्ष असणार? तीन मिनिटं पालीलाच दिली, तिने पाखरू पकडलं, टाळ्या पडल्या, मग पुढे सरकलो.

पावसाळ्यात मशीन जपणं हे वेगळंच प्रकरण. खारं वारं आणि दमट हवा, आमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते तर लेन्सला का नाही येणार. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवला आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करून गरम होऊ दिला. बुरशी आली नाही. पण फेब्रुवारीपासून चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक धुरकट पांढरा डाग आहे. आत धूळ गेलीय, आमची लाल माती. या स्वस्त मॉडेलांमध्ये आतला भाग सीलबंद नसतो, पंखा हवेबरोबर धूळ ओढतो. विकणाऱ्याला तीन मेल केले, एक उत्तर आलं की वॉरंटीत धूळ बसत नाही. भाचा म्हणतो, "मामा, उघडून पुसून देतो." पण त्याने माझा मिक्सर उघडला होता, तो अजून तसाच उघडा आहे.

घ्यायचा असेल तर सीलबंद ऑप्टिकल इंजिन (चित्र तयार करणारा आतला भाग) असलेला घ्या, तीन-चार हजार जास्त गेले तरी चालतील. आन्सीचा आकडा लेखी विचारा. बॅटरीवाला परवडला तर गावाकडे फार उपयोगी, मला परवडला नाही. मी माझा विकणार नाहीये, कुणी मेसेज करू नका. डागाचं म्हणाल तर ड्रोनच्या फोटोत त्या कोपऱ्यात फक्त मोकळा कातळच येतो, गेंड्याचा फोटो मी उजवीकडे सरकवून घेतलाय. परवा लांज्याकडच्या एका शाळेत जायचंय, मुख्याध्यापक बाईंना फोन करून पहिलं विचारलं ते मैदान किती लांब आहे. त्या म्हणाल्या, "सर, प्रोजेक्टरसाठी मैदान कशाला?"