चॉकलेट-पीनट बटर आइस्क्रीम: मशीनशिवाय की मशीनमध्ये?

मशीन नसेल तर 400 मिली थंडगार व्हिपिंग क्रीम फेटा. बीटर उचलल्यावर टोक हलकंसं वाकलं की थांबा. 300 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये 35 ग्रॅम कोको गुठळ्या मोडून कालवा, मग क्रीम अलगद मिसळा. जास्त फेटलं की लोण्याचे कण जिभेला लागतात. बहुतेकांचं इथेच बिघडतं. गोडीही जरा जास्तच.

मशीनसाठी दूध-क्रीम प्रत्येकी 250 मिली, साखर 130 ग्रॅम, कोको 40 ग्रॅम उकळून रात्रभर फ्रिजमध्ये, मग मशीनमध्ये घुसळा. कोको शिजल्यामुळे चव खुलते, म्हणून माझं मत यालाच. मात्र मशीनचं गोठवायचं भांडं आधी 24 तास फ्रीजरमध्ये ठेवलेलं नसेल, तर मिश्रण पातळ राहून पुढे बर्फाचे खडे होतात.

पीनट बटर दोन्हीकडे शेवटी, थरांमध्ये. 100 ग्रॅमला चमचाभर सूर्यफूल तेल घाला, पट्टे दगडासारखे होत नाहीत.