‘ऑलिंपिकमधली’ म्हणून विकलेली फायरफ्लाय

जुन्या लाकडी शर्यती डिंग्या (शिडाच्या छोट्या नावा) घेऊन त्या दुरुस्त करण्याचा छंद इंग्लंडमध्ये तसा फार खर्चिक नाही. पन्नास-साठच्या दशकातली मर्लिन रॉकेट किंवा एंटरप्राइझ जातीची एखादी डिंगी कुणाच्या तरी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली असते आणि मालकाला जागा मोकळी करायची असेल, तर ती काही शे पौंडांत, क्वचित फुकटसुद्धा मिळून जाते. फसवणुकीला वाव मिळतो तो अशा नावेच्या मागे एखादी कहाणी लावली जाते तेव्हा. कारण मग लाकडाची किंमत बाजूला पडते आणि कहाणीची किंमत मोजावी लागते. मला विकलेल्या फायरफ्लाय जातीच्या डिंगीच्या मागे १९४८ च्या ऑलिंपिकची कहाणी लावली होती आणि तिच्यापायी नेहमीच्या भावाच्या कितीतरी पट रक्कम माझ्याकडून घेण्यात आली.

ही कहाणी सहज पटण्यासारखी आहे, कारण तिचा बराचसा भाग खरा आहे. उफा फॉक्स यांनी आखलेली ही बारा फुटी डिंगी १९४६ पासून हॅम्बल येथे फेअरी मरीन ही कंपनी बांधू लागली. लाकडाचे पातळ पापुद्रे, म्हणजे व्हीनियर, साच्यावर तिरके, एकावर एक चिकटवायचे आणि मग अख्खे कवच मोठ्या भट्टीत उष्णता व दाब देऊन पक्के करायचे, ही युद्धकाळात विमानबांधणीत रुळलेली पद्धत त्यांनी नावांसाठी वापरली. १९४८ च्या ऑलिंपिकच्या शिडांच्या शर्यती टॉर्की येथे झाल्या, तेव्हा एकट्याने चालवायच्या गटासाठी हीच डिंगी निवडली गेली आणि विशीतल्या पॉल एल्व्हस्ट्रॉम या डॅनिश खेळाडूने तिच्यावर आपल्या सलग चार सुवर्णपदकांपैकी पहिले मिळवले. विक्रेत्याने या खऱ्या इतिहासाला फक्त आपली नाव जोडून दिली होती.

नाव मामांची असून त्यांच्या पश्चात आपण ती विकत आहोत, असे त्याने लिहिले होते. सोबत एका जुन्या क्लबच्या चिटणिसाच्या नावाने टंकलिखित पत्राची छायाप्रत, नावेच्या लाकडात कोरलेला तीन आकडी क्रमांक, ‘त्याच शर्यतींतले’ म्हणून दिलेले एक पिवळसर शीड, आणि मागच्या हिवाळ्यात संपूर्ण दुरुस्ती झाल्याचा दावा. बाहेरून आरशासारखे व्हार्निश होते, आतून मात्र सगळीकडे फिक्या पिवळ्या रंगाचा जाड हात होता. कार्ड चालणार नाही, पैसे थेट बँक खात्यात हवेत, तेवढी सूट देतो, असे तो अगदी मायाळूपणे म्हणाला. वजन करून पाहू का, असे विचारले तेव्हा ते नुकतेच केले आहे, असे उत्तर मिळाले.

पहिल्याच हंगामात ट्रान्समच्या, म्हणजे नावेच्या मागच्या सपाट फळीच्या, खालच्या कोपऱ्यांत व्हार्निशखाली पांढुरके डाग उमटले. आमच्या क्लबातल्या एका निवृत्त सुताराने बोटाच्या पेराने कवच ठोकत नावेच्या पुढच्या टोकापासून मागे यायला सुरुवात केली. माठ घेताना टिचकी मारून पाहावी तसाच हा प्रकार. धड लाकूड टणटणीत बोलते आणि थर सुटलेले असतील तिथे आवाज बसका येतो. सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीभोवती आणि गनवेलच्या, म्हणजे नावेच्या वरच्या काठाच्या, कडेने तो सलग बसका येत होता. गनवेलची पट्टी सोडवली, तर आत लाकूड नव्हतेच. मोटारीच्या चेपलेल्या पत्र्यावर भरतात ती पॉलिस्टरची गुलाबी लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) तिथे बोटभर जाड भरली होती आणि तिच्यामागचे व्हीनियर ओल्या चहापत्तीच्या रंगाचे होऊन नखाने निघत होते. ही लांबी पाणी शोषते आणि वरच्या रंगामुळे ते पाणी बाहेर पडत नाही. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला पोषक परिस्थिती मिळते, म्हणजे ज्याला दुरुस्ती म्हटले होते तिनेच कुजण्याचा वेग वाढवला होता. नाव काट्यावर चढवली, तेव्हा ७४ किलो अपेक्षित असलेले कवच ९१ किलो भरले.

क्रमांकाची लबाडी त्याहून बारीक होती. व्हार्निश खरवडल्यावर तीन अंकांच्या आधी लाकडाच्या भुशात इपॉक्सी हा चिकट राळेचा गोंद कालवून बुजवलेली एक उभी खाच दिसली. नाव मुळात चार आकडी क्रमांकाची, म्हणजे ऑलिंपिकनंतर बांधलेली होती. पुढचा एकचा आकडा बुजवून तिचे वय वाढवले होते. शिडाचा निकाल एका धाग्याने लावला. कडेचा सुटलेला धागा पेटवला, तर सुती धाग्यासारखी त्याची राख झाली नाही, तो वितळून त्याचा कडक मणी झाला. टेरिलीन हे कृत्रिम धाग्याचे कापड शिडांसाठी वापरात आले ते पन्नासच्या दशकात. १९४८ ची शिडे सुती होती.

जुन्या नावांना रंग देऊच नये, असे माझे म्हणणे नाही, फेअरीच्या कित्येक नावा रंगवलेल्या असत. परंतु ‘संपूर्ण दुरुस्त’ म्हणवणाऱ्या नावेचे, कवच उघडे असतानाचे एकही छायाचित्र विक्रेत्याकडे नसेल, तर तो रंग झाकण्यासाठी आहे असेच धरून चालावे. कोरलेला क्रमांक पैसे देण्यापूर्वी त्या जातीच्या नावांच्या संघटनेला कळवून नोंदीशी ताडून घ्यावा. आणि वजन करू न देणाऱ्याची नाव घेऊ नये, मग ती कितीही देखणी असो.

पैशांचे पुढे काय झाले, ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे. बँकेने हात वर केले, कारण माल मिळाला होता आणि मालाच्या दर्जाबद्दलचा वाद दिवाणी समजला जातो. बनावट विक्रेत्याला पैसे गेले आणि वस्तूच आली नाही अशा प्रकरणांसाठीचा २०२४ चा भरपाईचा नियम इथे लागू होत नाही. क्रेडिट कार्डाने १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतची वस्तू व्यापाऱ्याकडून घेतली असती, तर १९७४ च्या कायद्यानुसार कार्ड कंपनीही जबाबदार ठरली असती. खाजगी विक्रीत ग्राहक कायद्याचे बहुतेक संरक्षण मिळत नाही. ‘आहे तशी विकली’ असे पावतीवर लिहिलेले असले, तरी विक्रीसाठी केलेले खोटे विधान मात्र १९६७ च्या कायद्याखाली आव्हान देण्याजोगे राहते.

माझ्या दाव्याला खरे बळ मिळाले ते दुसऱ्या एका खरेदीदारामुळे. त्याला याच माणसाने मर्लिन रॉकेट विकली होती, तीही ‘मामांच्या पश्चात’, आणि तिच्यासोबतचे पत्र शब्दशः माझेच होते. फक्त नावेचे नाव बदललेले आणि टंकलेखनातली एक चूक त्याच ओळीत तशीच. एवढे मामा गेलेला माणूस खाजगी विक्रेता नसून व्यापारीच असणार, हे सांगायला वकील लागला नाही. इंग्लंडमध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे लघुवाद पद्धतीने चालतात. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून नोटीस पाठवल्यावर त्याने सुनावणीपूर्वीच निम्म्याहून थोडी अधिक रक्कम परत केली, आणि वाट पाहण्यापेक्षा आम्ही ती स्वीकारली.

मूळ जाहिरात विक्रीच्या दुसऱ्या दिवशी काढून टाकली गेली होती. तिची चित्रे आधीच जतन केलेली असल्यानेच त्याची विधाने सिद्ध करता आली. कोणाकडे असेच टंकलिखित पत्र असलेली नाव आली असेल, तर लांबी काढण्यापूर्वी प्रत्येक थराची छायाचित्रे घ्यावीत आणि काढलेले तुकडे टाकून देऊ नयेत. अशा दाव्याची मुदत इंग्लंड व वेल्समध्ये सर्वसाधारणपणे सहा वर्षांची असते, त्यामुळे दोन-तीन हंगाम उलटून गेलेल्यांनाही अजून दावा करता येईल.