ट्यूबलेस सायकल: टायर झकास, वॉल्व्हने वात आणला

ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, सायकलचं मागचं चाक बसलं. त्यात ट्यूब नाही; टायरमध्ये भोक आपोआप बुजवणारा पातळ द्रव, म्हणजे सीलंट, ओतलेला असतो. काटा नाही, चीर नाही, तरी पंप मारून हवा आत जाईना. शेवटी कळलं, प्रेस्टा वॉल्व्हच्या (सायकलचा बारीक वॉल्व्ह) कोअरमध्ये, म्हणजे आतल्या सुट्या होणाऱ्या भागात, सीलंट वाळून बोळा बसलाय. एवढ्याशा पितळी काडीने सकाळची राइड खाल्ली!

दुकानवाला म्हणे, हे वॉरंटीत येत नाही, वर सर्व्हिसचा चार्ज वेगळा. चौकातला पंक्चरवाला म्हणाला, "भाऊ, ट्यूबच नाही, तर पंक्चर काढू कशाचं?" त्याच्या कॉम्प्रेसरचा नोझल मोटरसायकलचा, प्रेस्टावर बसतच नाही. दोन्ही जुळवणारा छोटा अडॅप्टर खिशात ठेवा, बाकी सगळं नंतर.

टायरबद्दल तक्रार नाही. नागपुरात गोरेवाड्याकडून आलं की बाभळीचा काटा ठरलेलाच. आता तो उपटला की भोकातून पांढरं फसफसतं, चाक फिरवलं की बंद. हवाही कमी ठेवता येते. मी तीस पीएसआयच्या आसपास ठेवतो, सिमेंट रोडच्या सांध्यांवर मनगटं वाचतात. ट्यूब असताना एवढ्या हवेत खड्ड्यात गेलं की रिमखाली ट्यूब चिमटून दोन भोकं पडायची.

पण सीलंट! कंपन्या दोन ते सहा महिने सांगतात. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. मार्चमध्ये ओतलेलं मेअखेरीस आत सायीसारखं चिकटलेलं निघालं. बाटली काही स्वस्त येत नाही, ट्यूबचं पंक्चर तीसेक रुपयांत निघायचं. हिशेब तुम्हीच करा.

इथवर लिहिलं तेव्हा ट्यूब परत टाकायचं पक्कं होतं. मग एकाने सांगितलं, हवा भरताना वॉल्व्ह खाली नको, घड्याळातल्या चार किंवा आठवर ठेव; सीलंट तळाशी साचतं, ते कोअरमध्ये शिरत नाही. पावसाळाभर तसंच केलं, कोअर एकदाही चोंदला नाही. एक जादा कोअर आणि तो खोलायची छोटी किल्ली पाऊचमध्ये असते. म्हणून ट्यूबलेस राहू दिलंय.

तरी एक ट्यूब बरोबर ठेवाच. टायरची बाजू काचेने चिरली तर सीलंट काही करत नाही, आणि कडा रिमवरून सुटली तर हातपंपाने बसवणं महाकठीण.

दुकानवाला पुढचं चाकही करून देतो म्हणत होता. नाही केलं. तिथे ट्यूबच आहे, आणि सीलंटची बाटली दुप्पट पुरते.