डिशवॉशरची घरची पावडर: ताईकडे पास, माझ्याकडे काठावर

आमच्याकडे डिशवॉशर आला लॉकडाऊननंतर. भांडीवाल्या मावशींचं येणं बंद झालं होतं आणि घासणीला हात लावायची पाळी माझी होती. मशीनबद्दल तक्रार नाही. पण दर खेपेला एक टॅब्लेट, म्हणजे मला साधारण १८ रुपये, आणि शिवाय प्रत्येक टॅब्लेटचं वेगळं वेष्टन! गेल्या जूनमध्ये पावडर घरीच करायची ठरवली. बायको एवढंच म्हणाली, "माझे काचेचे पेले त्यात घालू नकोस." मी घातले.

कृती सोपी. तीन वाट्या धुण्याचा सोडा, एक वाटी सोडियम परकार्बोनेट. खाण्याचा सोडा नको, तो इथे फारच मवाळ पडतो. परकार्बोनेटमधून पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि कपांतले चहाचे डाग जातात, मात्र पाणी गरम हवं. मी ६५ अंशांवर लावतो. बऱ्याच कृतींत टाकणखारही सांगतात. युरोपीय संघात त्याची गणना प्रजननाला घातक पदार्थांत होते, म्हणून मी तो घेतलाच नाही. एका खेपेला मोठा चमचाभर पावडर लागते आणि खर्च, मशीनमध्ये पाणी मऊ करायला लागणारं खास मीठ धरून, चारेक रुपये.

पहिल्या घाण्यात मी शहाणपणा करून लिंबूसत्त्वही मिसळलं होतं. जुलैची दमट हवा, त्यात आम्ल आणि सोडा एका बरणीत. आठवड्याने झाकण फुगलेलं आणि आत दगड! उलथन्याने फोडून शेवटी मोरी धुवायला वापरला. आता लिंबूसत्त्वाची बरणी वेगळी.

खरी पंचाईत पेल्यांची झाली. दहाएक दिवसांत ते असे दिसायला लागले की जणू कुणी ताक पिऊन तसेच ठेवलेत. आम्ही वाकडला राहतो. पवनेचं पाणी कमी पडलं की सोसायटीत टँकर येतो, तो बहुतेक बोअरच्या पाण्याचा. त्यातलं कॅल्शियम आणि सोड्यातलं कार्बोनेट एकत्र आलं की चुन्याचा थर बसतो, म्हणजे पावडर जितकी जास्त तितका थर जाड. मी मात्र पेले निघत नाहीत म्हणून पावडर वाढवत होतो.

हे कळलं ताईमुळे. ती सदाशिव पेठेत राहते, नळाला खडकवासल्याचं मऊ पाणी. माझ्या याच पावडरीची अर्धी बरणी तिला दिली होती. महिन्याने फोन आला, "अरे, पेले नवे दिसतायत, अजून दे की!" मग मी पट्टी बुडवून आमच्या पाण्याचा जडपणा मोजला, मशीनची पाणी मऊ करायची सेटिंग दोन घरं वर नेली, तळातल्या कप्प्यात डिशवॉशरचं मीठ काठोकाठ भरलं. महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनमध्ये चार चमचे लिंबूसत्त्व टाकून गरम फेरी लावतो. ऐंशी टक्के धुकं गेलं. उरलेलं आहे ते आहे.

तेलकट ताटं, वाट्या, चमचे, डबे उत्तम निघतात. वाळलेलं पिठलं आणि साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं मात्र निघत नाही. विकतच्या टॅब्लेटमध्ये स्टार्च आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, माझ्या पावडरीत नाहीत. अशी भांडी आधी भिजवावीच लागतात. हिंदालियमची कढई एकदा चुकून गेली आणि काळी पडली. पण ती टॅब्लेटनेही पडली असती, क्षार तो क्षारच. पितळ आणि लोखंडी तवा मी आत घालतच नाही.

आणि रिठा! आजी चांदीची भांडी रिठ्याने घासायची, तेव्हा याहून पर्यावरणस्नेही काय असणार, असं वाटून एका रविवारी रिठ्याचं पाणी ओतलं. वीस मिनिटांत दाराच्या फटीतून फेस ओट्याखाली, तिथून हॉलपर्यंत. या मशीनला फेस चालतच नाही. भांड्यांचा साधा लिक्विड साबण ओतलात तरी हेच होईल.

तर ताईच्या पाण्यावर पाचपैकी साडेचार, माझ्या पाण्यावर तीन. आठवड्यातले पाच दिवस घरची पावडर, पाहुणे असले किंवा पिठलं झालं की गुपचूप टॅब्लेट. काचेचे पेले बायको अजून हातानेच धुते, आणि पुसताना माझ्याकडे बघते.