आत्याचे विहिरीकडचे रान आणि महाभूलेख

दिवाळीत गावी गेले असताना आत्याने विचारले, "आमच्या विहिरीकडच्या रानाचा सातबारा तुझ्या मोबाइलवर दिसेल का गं?" गट क्रमांक तिला आठवत नव्हता आणि जुना उतारा कुठल्या पेटीत आहे हेही ठाऊक नव्हते. तिच्या लेखी त्या जमिनीची ओळख विहिरीकडचे रान एवढीच आहे. शासकीय संकेतस्थळाचा कस अशाच प्रश्नावर लागतो, म्हणून तिच्या शेजारी ओट्यावर बसून मी महाभूलेख हे राज्य शासनाचे जमिनीच्या नोंदींचे संकेतस्थळ उघडले आणि प्रत्येक पायरीवर तिला काय कळते, कुठे थांबावे लागते, याकडे मुद्दाम लक्ष ठेवले.

पहिली आणि मोठी जमेची बाजू अशी की नुसता उतारा पाहण्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. जिल्हा, तालुका आणि गाव निवडायचे, गट क्रमांक किंवा खातेदाराचे नाव द्यायचे, मोबाइल क्रमांक आणि कॅप्चा भरायचा, की उतारा समोर येतो. सातबारा, आठ अ (खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींचा एकत्र उतारा) आणि मालमत्ता पत्रक अशा तिन्ही गोष्टींची सोय एकाच ठिकाणी आहे. शिवाय इथली भाषा महसूल दफ्तराचीच आहे. खातेदार, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन), फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) हे शब्द आत्याने आयुष्यभर ऐकलेले असल्यामुळे तिला ते समजावून सांगावे लागले नाहीत. गट क्रमांक नसल्याने आम्ही नावावरून शोध घेतला. दफ्तरात नाव जसे लिहिले गेले आहे तसे ते देवनागरीत टाकावे लागते, त्यामुळे आडनावात ऱ्हस्व की दीर्घ याचा आधी विचार करावा लागला. यादीत एकाच नावाच्या दोन व्यक्ती आल्या, पण सासऱ्यांच्या नावावरून आत्याने आपली ओळ क्षणात ओळखली. एरवी याच उताऱ्यासाठी तलाठी गावात कधी येणार याची चौकशी करण्यापासून सुरुवात व्हायची.

खरा घोळ होण्याची शक्यता आहे ती यापुढे. इथे विनामूल्य दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो आणि शासकीय वा कायदेशीर कामासाठी तो वापरता येत नाही, अशी सूचना त्यावर असते. पीक कर्जासाठी किंवा न्यायालयीन कामासाठी डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा लागतो. तो निराळ्या पानावरून, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून, 15 रुपये भरून घ्यावा लागतो. या दोन उताऱ्यांमधला फरक सर्वात आधी, ठळक अक्षरांत आणि 'तुम्हाला उतारा कशासाठी हवा आहे?' अशा प्रश्नाच्या रूपात समोर यायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. उतारा छापून घेतल्यावर खाली वाचायची सूचना बँकेच्या दारातून परत फिरणाऱ्याच्या काहीच उपयोगाची नसते.

आत्याचा उतारा वाचताना इतर अधिकाराच्या रकान्यात सोसायटीचा बोजा, म्हणजे तिच्या कर्जाची नोंद, दिसला. ते कर्ज फिटून बरीच वर्षे झाली असून ते फिटल्याचा बेबाकी दाखला आत्याने जपून ठेवला आहे. "मग हे अजून इथं कसं?" हा तिचा प्रश्न रास्त होता. बोजा कमी करण्यासाठी, वारस नोंदीसाठी किंवा मयताचे नाव कमी करण्यासाठी ई-हक्क या प्रणालीतून घरबसल्या अर्ज करता येतो आणि ही सोय खरोखर मोलाची आहे. पण ती मला ठाऊक होती म्हणून आत्याला कळली. ज्या ओळीपाशी माणसाला चूक दिसते, त्याच ओळीपाशी ती दुरुस्त करण्याची वाट लिहिलेली नसते. महसूल खात्याने कामाच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या प्रणाली उभारल्या आहेत. नागरिकाच्या मनात मात्र जमीन एकच असते आणि तिच्याबद्दलचे प्रश्न एकातून एक निघतात. संकेतस्थळाची मांडणी याच क्रमाने झाली, तर आहेत त्याच सोयी कितीतरी अधिक लोकांच्या हाती पडतील.

तुलनेसाठी सांगते, की याच मुक्कामात भाच्याच्या एका दाखल्यासाठी दुसऱ्या एका शासकीय संकेतस्थळावर अर्ज भरला. तिथे छायाचित्र ठरावीक केबीच्या आत बसवताना वेळ संपला आणि भरलेली सगळी माहिती पुसली गेली. त्या मानाने महाभूलेखवरचे काम थोडक्यात आटोपते. केंद्र शासनाची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे 2009 सालापासून अस्तित्वात आहेत, 2023 मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली आणि त्यांत सुगम्यतेवर, म्हणजे अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता यावे यावर, भर आहे. कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरे अधू दृष्टीच्या माणसाला स्वतःच्या जमिनीपासून अडवतात, हे त्या दृष्टीने गंभीरच मानले पाहिजे.

'आपली चावडी' हे पान मात्र मला मनापासून आवडले. गावातील प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा तिथे पाहता येतात, त्यामुळे आपल्या गटावर कोणी नोंद घालत असेल तर हरकतीच्या मुदतीतच ते लक्षात येऊ शकते. चावडीवर काय लागले असेल, हे आत्याला नाव ऐकताच समजले. तिने तिथल्या तिथे वहीच्या मागच्या पानावर गट क्रमांक, खाते क्रमांक आणि उताऱ्यावरचा भू-आधारचा, म्हणजे जमिनीच्या स्वतंत्र ओळखीचा, 11 अंकी क्रमांक माझ्याकडून लिहून घेतला. त्याच्यापुढे स्वतःच्या हाताने 'विहिरीकडचे रान' असे लिहून तिने वही बेबाकी दाखल्याच्या पिशवीत ठेवली.