सेप्टिक शॉक: एकटे हायड्रोकॉर्टिसोन की जोडीला फ्लुड्रोकॉर्टिसोन?

सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे तीव्र संसर्गामुळे रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरल्यावर, प्रतिजैविके सुरू झाली, सलाइनही पुरेसे गेले, तरी रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरअॅड्रिनॅलिन या रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या औषधाचा वेग वाढवतच न्यावा लागतो, अशा वेळी स्टेरॉइड द्यायचे का आणि कोणते, हे ठरवावे लागते. स्टेरॉइड जिवाणू मारत नाही. तीव्र संसर्गात शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, अपुरे पडते तेव्हा हे औषध बेफाम दाहाला आवर घालते आणि सैलावलेल्या रक्तवाहिन्या नॉरअॅड्रिनॅलिनला पुन्हा दाद देऊ लागतात.

पहिला पर्याय म्हणजे शिरेतून रोज २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'अॅड्रिनल' चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या ३,८०० रुग्णांना घेतले होते. नव्वद दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण औषध मिळालेल्यांत २७.९ टक्के, न मिळालेल्यांत २८.८ टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढेच राहिले. शॉक मात्र चारऐवजी तीन दिवसांत ओसरला, आणि अतिदक्षता विभागात एक दिवस ही लहान गोष्ट नव्हे.

दुसऱ्या पर्यायात त्याच हायड्रोकॉर्टिसोनसोबत फ्लुड्रोकॉर्टिसोन या दुसऱ्या स्टेरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी रोज एकदा नाकातील नळीवाटे देतात. त्याच वर्षीच्या 'अॅप्रोक्स' चाचणीत १,२४१ रुग्ण होते आणि मृत्यूंचे प्रमाण ४९.१ वरून ४३ टक्क्यांवर आले. हा आकडा मोहात पाडतो. पण तिथले रुग्ण मुळातच अधिक गंभीर होते, आणि दोन्ही औषधे एकत्र दिल्यामुळे श्रेय कोणाचे हे त्यातून कळत नाही. २०१० साली ५०९ रुग्णांमध्ये हे दोन पर्याय थेट समोरासमोर ठेवले गेले, तेव्हा ठळक फरक आढळला नव्हता.

म्हणून हायड्रोकॉर्टिसोनला माझा स्पष्ट कौल आहे. नॉरअॅड्रिनॅलिनची गरज मिनिटाला, किलोमागे ०.२५ मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचून चार तास तिथेच राहिली, तर ते सुरू करण्यात आणखी वेळ घालवू नये. आतडे अन्न पचवत असेल तर फ्लुड्रोकॉर्टिसोन जोडायला माझी हरकत नाही. पोट फुगलेले आणि नळीतून सगळे उलटे येत असेल, तर ती गोळी रक्तात पोहोचेल याचा भरवसा धरता येत नाही. दोन्ही पर्यायांत साखर आणि सोडियम वाढू शकते, त्यामुळे त्यांची तपासणी ठरावीक वेळांनी व्हायलाच हवी. मात्रा वाढवून लाभ वाढेल या आशेने १९८७ मध्ये मिथिलप्रेडनिसोलोनच्या मोठ्या मात्रा तपासल्या गेल्या होत्या आणि त्यातून रुग्णांचे प्राण वाचले नाहीत. तेव्हा २०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये.