गुडघा बदलताना वाटीला चकती बसवायची की मूळ वाटी ठेवायची?

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरात चर्चा रंगते ती इम्प्लांट कुठल्या कंपनीचं घ्यायचं याची. वाटीचं काय करणार, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारायलाच हवं.

मांडीच्या हाडाचं टोक आणि नडगीचा माथा टोटल नी रिप्लेसमेंटमध्ये बदलतातच. वाटीचं मात्र दोन प्रकारे करतात: मागचा झिजलेला भाग कापून तिथे प्लास्टिकची चकती सिमेंटने बसवायची, किंवा कडेला वाढलेलं हाड तासून मूळ वाटी ठेवायची.

चालणं-फिरणं दोन्हींत जवळपास सारखंच होतं. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत १,७१५ रुग्णांची अशी विभागणी केली होती. दहा वर्षांनंतरही दोन्ही गटांच्या गुडघ्यांत ठळक फरक दिसला नाही. मांडी घालून बसता येईल का, हेही या निवडीवर ठरत नाही.

फरक पडतो तो पुन्हा ऑपरेशन लागण्यात. मूळ वाटी ठेवली तर पुढे जिना उतरताना, खुर्चीतून उठताना समोरून दुखतं म्हणून परत टेबलावर जाण्याची वेळ जास्त जणांवर येते. अर्थात हा आकडा थोडा फुगलेला असतो, कारण चकती नसली की 'आता ती बसवून बघू' हा उपाय डॉक्टरांच्या हाताशी असतो. शिवाय उशिरा बसवलेल्या चकतीने सगळ्यांचं दुखणं थांबत नाही. कधी दोष वाटीचा नसून इम्प्लांटचा मांडीकडचा भाग जरा वळून बसल्याचा असतो. तरीही पुन्हा ऑपरेशनचा त्रास मला हलका वाटत नाही. कुठले उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेनेही २०२० मध्ये रुग्णांना चकतीचा पर्याय द्यावा असंच सांगितलं. अमेरिकेत बहुतेक सर्जन ती बसवतात, नॉर्वे-स्वीडनमध्ये क्वचितच.

चकतीचा खरा धोका पातळ वाटीत. कापण्याआधी सर्जन कॅलिपरने जाडी मोजतात. समजा २२ मिमी भरली, तर चकतीसकट पुन्हा साधारण तेवढीच व्हायला हवी. जास्त झाली तर गुडघा वाकताना ताठरतो. कापल्यावर हाड १२ मिमीपेक्षा कमी उरलं तर वाटी मोडायची भीती. असं क्वचित घडतं, पण घडलं तर निस्तरणं फार अवघड, कारण पाय सरळ करण्याची सगळी ताकद वाटीतूनच जाते. आपल्याकडच्या लहान चणीच्या बायकांच्या बाबतीत हे आवर्जून बघावं.

खर्चावरून अडू नये. २०१७ मध्ये सरकारने किंमती बांधल्या तेव्हा नेहमीच्या इम्प्लांटच्या ५४,७२० रुपयांत वाटीच्या भागाचे ४,०९० होते, जीएसटी वेगळा.

माझं मत: रुमेटॉइड संधिवात असेल, जिना उतरताना समोरून दुखत असेल आणि वाटीचा स्कायलाइन एक्स-रे (गुडघा वाकवून काढलेला) खराब असेल, तर चकती बसवून घ्यावी. वाटी पातळ असेल किंवा तिची कूर्चा (हाडावरचं गुळगुळीत आवरण) शाबूत असेल, तर ठेवावी. मधल्या सगळ्यांनी सर्जनला विचारावं, 'तुम्ही एरवी काय करता, आणि माझ्या वाटीची जाडी किती आहे?' जे काम त्यांच्या हातात रोजचं आहे, त्यालाच मी झुकतं माप देईन.